बर्फ फेकणारें यंत्र : दांड्याऐवजीं तेल

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत हिवाळा म्हणजे चार-पांच महिने बर्फाशीं चाललेली झुंज असते. एकट्या क्वेबेक शहरांत एका हिवाळ्यांत सरासरीनें सुमारें तीन मीटर बर्फ पडतो. शहरांतले रस्ते नगरपालिका साफ करविते. परंतु खेड्यांतील शेतकऱ्याच्या गोठ्यापासून सडकेपर्यंतची वाट ज्याची त्यानेंच मोकळी ठेवावयाची असते. ज्याच्या गोठ्यांत पन्नाससाठ दुभत्या गाई आहेत, त्याला ही वाट म्हणजे केवळ सोयीची बाब नव्हे. दुधाचा टँकर साधारणतः एक दिवसाआड येतो. तो सडकेवरच अडकला, तर दूध थंड ठेवण्याची टांकी भरून जाते. गाई मात्र वाट मोकळी होईपर्यंत थांबत नाहींत. अखेर दोन दिवसांचें दूध गटारांत ओतून देण्याची पाळी येते.

दोनशें मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशा वाटेवर रात्रींतून तीस सेंटिमीटर बर्फ पडला, तर तो दोनशें चाळीस घनमीटर भरतो. ताजा, कापसासारखा बर्फ हलका असतो. त्याचा एक घनमीटर पन्नास ते शंभर किलोंचा भरेल. तोच वाऱ्यानें दाबून बसला कीं तीनशें-चारशें किलोंवर जातो. मधला आकडा दोनशें किलो धरला, तरी एका सकाळीं अठ्ठेचाळीस टन माल हलवावयाचा आहे. ज्यांच्या घरचीं मुलें तिकडे स्थायिक झालीं आहेत, त्यांनीं फावड्यानें अंगण साफ केल्याच्या हकीकती पत्रांतून वाचल्या असतील. अंगण आणि शेताची वाट यांत किती अंतर आहे, तें ह्या आंकड्यावरून ध्यानांत येईल.

हा बर्फ फळीनें नुसता बाजूस ढकलून भागत नाहीं. डिसेंबरांत ढकललेल्या बर्फाचे बांध जानेवारींत पुरुषभर उंच होतात, वाट अरुंद होत जाते, आणि वारा सुटला कीं त्या दोन बांधांमधली पोकळी काठोकाठ भरून निघते. म्हणून बर्फ उचलून दूर फेकणारें यंत्र लागतें. ह्या यंत्राचें कूळ रेल्वेंतलें. १८६९ सालीं टोरोंटो येथील जे. डब्ल्यू. एलियट ह्यांनीं रुळांवरील बर्फ फिरत्या पात्यांनीं बाजूस उडविण्याची युक्ति काढली. हे गृहस्थ व्यवसायानें दंतवैद्य होते, हें वाचून मौज वाटते. रस्त्यावर चालणारें यंत्र पुढें क्वेबेकमधील आर्थर सिकार यांनीं १९२५ सालीं सिद्ध केलें, आणि १९२७ सालीं मॉन्ट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ ह्या गांवानें तें विकत घेतलें. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडावयाचें यंत्र हा त्याच कुळांतला धाकटा भाऊ होय.

त्याची रचना पाहावयाची, तर पुढें एक रुंद, उघडा जबडा असतो. त्यांत आडवें मळसूत्र फिरतें. त्याचीं पातीं दोन्ही बाजूंचा बर्फ कुरतडून मध्यावर आणतात. मध्यामागें एका गोल डब्यांत चार-सहा जाड पात्यांचा पंखा वेगानें फिरत असतो. तो आलेला बर्फ झेलतो आणि वरच्या वांकड्या नळकांड्यांतून दूर भिरकावतो. मळसूत्र सावकाश आणि पंखा वेगानें, असे हे दोन वेग ठेवलेले असतात, आणि त्यांचें एकमेकांशीं प्रमाण दंतचक्रांनीं व साखळीनें कायमचें बांधून दिलेलें असतें. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

हें सर्व फिरविणारी शक्ति ट्रॅक्टरच्या पाठीमागून येते. ट्रॅक्टरच्या मागें जो दांतेरी दांडा बाहेर आलेला असतो, त्यास पी. टी. ओ. म्हणतात. आपल्याकडे ऊंसपट्ट्यांत रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र ज्या दांड्यावर चालतें, तोच हा. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९१८ च्या सुमारास आपल्या ट्रॅक्टरवर ही सोय दिली, आणि पुढें मिनिटास ५४० फेरे हा त्या दांड्याचा वेग सर्वमान्य झाला. ह्या दांड्यास दोन्ही टोकांस खेळते सांधे असलेला दुसरा दांडा जोडला, आणि तो बर्फयंत्राच्या दंतचक्रपेटींत घातला, कीं काम झालें. ह्या व्यवस्थेची निंदा करणें योग्य होणार नाहीं. तींत शक्ति फारच थोडी वाया जाते, शंभरांतील नव्वदांहून अधिक भाग पंख्यापर्यंत पोहोंचतो, आणि बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो.

अडचण आहे ती निराळीच. दांडा ट्रॅक्टरच्या मागें असल्यामुळें यंत्रहि मागेंच बसतें, आणि बर्फांत शिरावयाचें तर ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो. चालक तासन् तास मान मुरगळून मागें पाहात बसतो. तारुण्यांत हें खपून जातें. साठी उलटलेल्या शेतकऱ्याच्या मानेला व कमरेला तें झेपत नाहीं, आणि कॅनडांतील शेतकऱ्यांत वडीलधाऱ्यांचेंच प्रमाण मोठें आहे. शिवाय मान वळली म्हणजे एक बाजू नजरेआड राहते. घराजवळच्या वाटेवर मुलेंबाळें, कुत्रीं वावरत असतात, हें ध्यानांत घेतां यंत्र समोर असावें अशी इच्छा होणें साहजिक आहे.

मग दांडा ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढें न्यावा, असें मनांत येतें. कित्येकांनीं तसें केलेंहि आहे. पण पोटाखालीं जागा थोडी असते, खेळत्या सांध्यांचे कोन सारखे जमले नाहींत तर एकाच फेऱ्यांत वेग कमीजास्त होऊन यंत्र हिसके खातें, आणि यंत्र उचलतांना वा टेकवितांना ते कोन बदलतच राहतात. ट्रॅक्टरच्या पुढल्या माती भरावयाच्या हातांवर यंत्र बसवावयाचें असेल, तर मग दांड्याचा विचारच नको. ते हात पुरुषभर वर जातात. आणखी एक मौजेची फसगत आहे. मागून पाहतां जो दांडा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतो, तो समोरून पाहतां उलटा फिरत असतो. म्हणून मागचें यंत्र उचलून पुढें तोंड करून बसविलें, कीं त्याचा पंखा उलट्या दिशेनें फिरूं लागतो आणि बर्फ फेकण्याचें नांव घेत नाहीं. दिशा पालटण्यासाठीं आणखी एक दंतचक्रपेटी लागते.

येथें तेलाच्या दाबाची पद्धति मदतीस येते. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम शाळेंत सर्वांनीं घोकलेला असतो. जोसेफ ब्रामा यांनीं १७९५ सालीं त्या नियमावर दाबयंत्राचें पेटंट घेतलें. कापसाच्या गांठी आवळणारे प्रेस हे त्याचेच वंशज. आज रस्त्यावर माती उकरणाऱ्या जे. सी. बी. चा हात ज्या बळानें वळतो, तेंहि हेंच. दांड्याच्या जागीं दोन नळ्या येतात. पी. टी. ओ. वर पंप बसवावयाचा. तो टांकींतील तेल दाबानें एका नळींतून पुढें लोटतो. बर्फयंत्रावरच्या तेलमोटरीला तें तेल फिरवितें आणि दुसऱ्या नळीनें टांकींत परत येतें. नळ्या लवचीक असल्यानें यंत्र वर जावो, खालीं येवो, वळो, त्यांस त्याचें कांहीं नाहीं. आणि फिरण्याची दिशा पालटावयाची झाली, तर दोन्ही दिशांनीं चालणाऱ्या मोटरीच्या दोन नळ्यांची अदलाबदल केली कीं पुरे. दांडेवाल्याला जें कोडें पडतें, तें येथें दोन पान्यांचें काम होतें.

इतकें ऐकल्यावर उत्साही माणूस म्हणतो, ट्रॅक्टरांत तेलाचा पंप आहेच, त्यालाच मोटर जोडूं. बहुतेकांचा घात ह्याच ठिकाणीं होतो. ट्रॅक्टरचा अंगचा पंप हात उचलण्यासाठीं असतो, सतत फिरविण्यासाठीं नव्हे. मिनिटास चाळीस लिटर तेल, दर चौरस इंचास २,५०० पौंड दाब, असा पंप घेतला तर त्याची शक्ति पंधरा-सोळा अश्वशक्तीच्या वर जात नाहीं. मध्यम आकाराच्या बर्फयंत्राच्या पंख्यास तर पस्तीस अश्वशक्ति हवी. तेव्हां पंप निराळा, टांकी निराळी, सर्वच संसार निराळा थाटावा लागतो.

हा हिशेब एकदां करून पाहण्यासारखा आहे. पंखा ५४० फेऱ्यांनीं फिरवून पस्तीस अश्वशक्ति हवी असेल आणि दाब वर सांगितला तोच ठेवला, तर मोटर अशी हवी कीं जिच्यांतून दर फेऱ्यास सुमारें १८७ घन सेंटिमीटर तेल जाईल. म्हणजे मिनिटास १०१ लिटर. मोटरींत थोडें तेल फटींतून निसटतें, तें धरून १०६ लिटर. एवढें तेल एवढ्या दाबानें लोटणें म्हणजे जवळजवळ एक्केचाळीस अश्वशक्ति झाली. पंपाचेंहि स्वतःचें खाणें आहेच, तेव्हां पी. टी. ओ. पाशीं शेहेचाळीस अश्वशक्ति द्यावी, तेव्हां कोठें पंख्यापाशीं पस्तीस मिळते. दांड्याच्या पद्धतींत हेंच काम अडतीस-एकोणचाळीस अश्वशक्तींत झालें असतें. ज्याचा ट्रॅक्टर मुळांतच चाळीस अश्वशक्तीचा आहे, त्यानें ह्या वाटेस जाऊं नये, गेल्यास लहान बर्फयंत्र घ्यावें, हें स्पष्ट सांगितलेलें बरें.

पंपाची निवड हाहि एक पेंच आहे. ५४० फेऱ्यांवर १०६ लिटर तेल द्यावयाचें तर पंप अवजड आणि महाग होतो. म्हणून पंप आणि पी. टी. ओ. यांच्यामध्यें वेग तिप्पट करणारी दंतचक्रपेटी घालतात. मग मिनिटास सोळाशें फेऱ्यांवर दर फेऱ्यास सत्तर घन सेंटिमीटर देणारा बेताचा पंप पुरतो. पंपाचा देह दांड्याबरोबर गरगर फिरूं नये म्हणून त्यास एक आडवा हात लावून ट्रॅक्टरच्या सांगाड्याशीं बांधावा लागतो. ही क्षुल्लक गोष्ट विसरली गेली, तर पहिल्याच क्षणीं नळ्या तुटून जातात.

मोटर लहान निवडून पैसे वांचविण्याचा, किंवा पंप लहान घेऊन पंख्याचा वेग थोडा उतरविण्याचा मोह होतो. वेगांत थोडी कसर झाल्यानें काय बिघडतें, असें वाटतें. पण बर्फ किती दूर पडेल हें वेगाच्या वर्गावर अवलंबून आहे. साठ सेंटिमीटर व्यासाचा पंखा ५४० फेऱ्यांनीं फिरला, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदास सतरा मीटर होतो, आणि हवेचा अडथळा नसता तर बर्फ जास्तींत जास्त एकोणतीस मीटर गेला असता. फेरे चारशेंवर आले, कीं हा आंकडा सोळा मीटरांवर येतो. प्रत्यक्षांत हवा दोन्ही आंकडे बरेच खालीं ओढते. परंतु वेग चतुर्थांशानें घटला कीं फेक जवळजवळ अर्ध्यावर येते, हें प्रमाण ढोबळमानानें टिकतें. अर्ध्या अंतरावर पडलेला बर्फ वाटेच्या कडेलाच सांचतो, आणि फळीनें ढकलल्यासारखेच बांध पुन्हां उभे राहतात.

आतां मघांच्या गोष्टीकडे वळूं. तेलाची पद्धति आली, मग मळसूत्रास एक आणि पंख्यास एक अशा दोन मोटरी लावून साखळीची कटकट कां घालवूं नये, असा प्रश्न निघतो. कागदावर हें फार सुबक दिसतें. पण एकाच पंपाचें तेल दोन वाटांनीं सोडलें, तर तें जिकडे विरोध कमी तिकडे धांवतें. पंख्यांत बर्फ दाटला, त्याचा भार वाढला, कीं तेल पंख्याकडे जाण्याऐवजीं मळसूत्राकडे वळतें. मळसूत्र अधिक वेगानें फिरूं लागतें आणि आधींच गुदमरलेल्या पंख्याच्या तोंडांत आणखी बर्फ कोंबतें. मदत हवी तेव्हां नेमकें उलटें घडतें. दोन स्वतंत्र पंप घेऊन हा दोष टाळतां येतो, पण खर्च व नळ्या वाढतात. म्हणून घरगुती रूपांतरांत जुनी दंतचक्रपेटी व साखळी तशीच ठेवून, जेथें दांडा जोडला जात होता तेथें एकच मोटर बसवावी, हें शहाणपणाचें. मात्र मोटरीच्या दांड्यावर आडवा ताण येऊं देऊं नये; साखळीचें चाक थेट मोटरीवर ठोकलें तर तिचीं बेअरिंगें लवकर जातात. सरळ रेषेंत कपलिंगानें जोडावी.

दाबाची सुरक्षा-झडप बसविल्यावर जुना नाजूक बोल्ट काढून टाकावा काय, हाहि वादाचा मुद्दा आहे. दांड्याच्या यंत्रांत मळसूत्रावर एक मुद्दाम कच्चा बोल्ट असतो. दगड किंवा गोठलेलें लांकूड अडकलें कीं तो तुटतो आणि बाकीचें वांचतें. तेलाच्या पद्धतींत दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं झडप उघडते व तेल टांकींत परत जातें. त्यामुळें इंजिनाचा जोर अडतो हें खरें. पण वेगांत असलेल्या जड पंख्याच्या अंगांत जी गति सांठलेली असते, ती ह्या झडपेस विचारीत नाहीं. ती साखळीवाटे मळसूत्रावर तशीच आदळते. तेव्हां बोल्ट ठेवावाच. त्यांत झडप उघडी पडली असतां सगळी शक्ति तेल तापविण्यांत जाते. टांकींत एकशें वीस लिटर तेल असेल, तर तें मिनिटास आठ-नऊ अंशांनीं तापूं लागतें. यंत्र अडलें तर चालकानें तत्काळ पंप थांबविला पाहिजे.

थांबविण्याचीहि एक रीत आहे. मोटरीचें तेल एकदम बंद केलें, तर पंखा आपल्या वेगानें मोटरीला फिरवीतच राहतो. मोटर आतां पंप बनते, आणि तेल न मिळाल्यानें तिच्या आंत पोकळी निर्माण होते व धातू खरवडला जातो. म्हणून बंद स्थितींत मोटरीचीं दोन्ही तोंडें एकमेकांस मिळालेलीं राहतील अशी झडप निवडतात. पंखा मग आपोआप मंदावत थांबतो.

उष्णतेचा प्रश्न वरच्या हिशेबांतच दडलेला आहे. शेहेचाळीसांतून पस्तीस वजा जातां उरलेल्या अकरा अश्वशक्ति तेलांतच मुरतात, म्हणजे आठ किलोवॉट झाले. घरच्या न्हाणीघरांतले दोन किलोवॉटचे चार गीझर एकदम लावल्यासारखें हें आहे. बाहेर शून्याखालीं वीस अंश थंडी असतां कोणी म्हणेल कीं ही उष्णता गेलीच समजा. कडाक्याच्या थंडींत तें बरेंच खरें ठरतें. परंतु मार्च महिन्यांत, हवा शून्याच्या आसपास आलेली, बर्फ ओला व चिखलासारखा जड, यंत्र पूर्ण भारानें तासभर चालत असलेलें, अशा वेळीं टांकी हाताला पोळूं लागते. तेल ऐशीं अंशांवर गेलें कीं पातळ होतें आणि रबरी वेष्टनें कडक होऊन झिरपूं लागतात. टांकी मोठी घ्यावी, आणि परतीच्या नळीवर लहान रेडिएटर बसवावा. ह्या खर्चांत काटकसर करूं नये.

सकाळच्या थंडीचा त्रास ह्याच्या अगदीं उलट असतो. रात्रभर शून्याखालीं पंचवीस अंशांत राहिलेलें तेल मधासारखें घट्ट झालेलें असतें, आणि पंप तें ओढूं शकत नाहीं. पंपाच्या तोंडाशीं तेल न पोहोंचतां त्याच्या आंत पोकळ बुडबुडे होतात व फुटतात. खडे दळल्यासारखा आवाज येतो. तो ऐकूं आला कीं पंपाचें आयुष्य मोजलें जात आहे असें समजावें. ह्यासाठीं टांकी पंपापेक्षां उंचीवर ठेवतात, ओढणीची नळी आंखूड आणि दोन इंच व्यासाची घेतात, तर दाबाच्या नळीस एक इंच पुरतो आणि परतीस सवा इंच. थंडींतहि वाहतें राहणारें तेल भरावें, आणि इंजिन मंद ठेवून पंधरा-वीस मिनिटें तेल नुसतें फिरवावें. टँकर दाराशीं उभा असतां हीं पंधरा मिनिटें फार लांब वाटतात, म्हणून पहांटे लवकर उठणें हाच त्यावर उपाय. दांड्याच्या यंत्राला असली मनधरणी लागत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

स्वच्छतेविषयीं सांगावें तेवढें थोडें. नळ्या कापतांना उडालेला धातूचा एक कण पंपाच्या आंत गेला, तर तो आरशासारख्या घोटलेल्या भिंतींवर ओरखडे काढीत जातो. परतीच्या वाटेवर गाळणी असावी, आणि पहिले कांहीं तास चालविल्यावर ती बदलावी.

धोक्याची बाब शेवटीं आली आहे, पण तिचें महत्त्व सर्वांत अधिक आहे. दांड्याच्या यंत्रांत फिरता दांडा उघडा असला, तर कोटाची बाही किंवा मफलर त्यांत गुंडाळला जाऊन क्षणार्धांत माणूस ओढला जातो. म्हणून त्यावर प्लास्टिकचें आवरण असतें. ट्रॅक्टरच्या मागें पंप असला तरी हा आंखूड दांडा राहतोच, तेव्हां आवरण विसरूं नये. तेलाच्या नळीचा धोका गुप्त असतो. दाबाखालच्या नळीस सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें, तर त्यांतून निघणारी धार डोळ्यांना धुक्यासारखी दिसते, आणि तीवर हात धरला तर तेल कातडी भेदून मांसांत शिरतें. आरंभीं मुंगी चावल्याइतकीच खूण दिसते, वेदनाहि बेताचीच. माणूस घरीं जाऊन झोपतो. कांहीं तासांत हात सुजतो, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. असें झालें तर दुखो वा न दुखो, ताबडतोब शस्त्रक्रियेच्या इस्पितळांत जावें, आणि तेल अंगांत गेलें आहे हें डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावें. गळती शोधावयाची असेल, तर पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळून फिरवावा. हात कधींच नाहीं.

नळकांडें ओल्या बर्फानें तुंबलें, तर इंजिन बंद करून, पंखा पूर्ण थांबल्याची खातरी करून, लांब लांकडानें तें मोकळें करावें. मोटर उलटी फिरवून मळसूत्रांतला अडथळा सोडवितां येतो, ही तेलाच्या पद्धतीची खरी सोय आहे. मात्र पंखा पूर्णपणें थांबण्यापूर्वीं दिशा पालटूं नये. यंत्र प्रथम चालू करतांना सुरक्षा-झडप सैल ठेवून, दाबमापक पाहात पाहात ती थोडी थोडी आवळीत २,५०० पर्यंत आणावी, सर्व सांधे पुठ्ठ्यानें तपासावे, टांकींतील तेल नळ्यांत गेल्यामुळें उतरलें असेल तें भरून घ्यावें, आणि हें सर्व नोव्हेंबरांत, पहिला बर्फ पडण्यापूर्वीं, उघड्या अंगणांत करावें.